बायजाबाईची हाक

"बाई, माझी आई हितं ठिवलीय म्हणं."

दारातल्या माणसानं हे म्हटलं तेव्हा मी शिडीवर होते आणि माझ्या हातांत वनस्पतिशास्त्राचे दोन जाडजूड प्रबंध होते. आमच्या विभागाच्या शिपायानं, शौकतनं, खालून शिडी धरली होती. ती सोडून तो आधी त्या माणसाकडे वळला.

"पाव्हणं, दवाखाना समोरच्या गेटातनं. हे ग्रंथालय आहे."

"ठाऊक हाय. पाटी वाचूनच आलोय आत. प्रबंध विभाग." त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हितंच हाय ती."

"शौकत, शिडी!" मी ओरडले. पडले असते तर मलाही समोरच्या गेटातच न्यावं लागलं असतं.

प्रबंध विभागात बदली म्हणजे आमच्या विद्यापीठात शिक्षाच समजत. तळमजला, दिवसाही दिवे लावायचे, वर्दळ नाही. मला मात्र ती जागा मानवली होती. माणसं वर्षानुवर्षं रक्त आटवून प्रबंध लिहितात, गाइडच्या बायकोची भाजीसुद्धा आणून देतात, पदवी मिळाली की पेढे वाटतात, आणि मग तो प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरं मिरवत आमच्याकडे येतो. त्यानंतर त्याला कुत्रंही विचारत नाही. मी विचारायचे. धूळ पुसता पुसता चार पानं वाचायचा मला नादच होता. कुणाचा विषय केळीवरची कीड, कुणाचा पेशवाईतले दागिने. ज्याचं त्याला कौतुक, आणि उरलेलं मला.

त्या वर्षी सगळे प्रबंध स्कॅन करायचा हुकूम निघाला होता आणि विभागाची पार उलथापालथ झाली होती. त्या पसाऱ्यात हा माणूस उभा. चाळिशीचा असेल. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, अंगाला दुधाचा वास. मी खाली उतरून हात झटकले आणि नेहमीचं विचारलं, "पत्र आणलंय का? कॉलेजचं, नाहीतर गाइडचं? बाहेरच्या माणसाला पत्राशिवाय प्रबंध दाखवता येत नाही."

"पत्र न्हाय. आमच्या शाळंतले गुरुजी पीएच.डी. करत्यात. त्यांनी हा नंबर लिहून दिला. म्हणले, जानू, तुमच्या जुन्या वस्तीवर कुणीतरी मोठं पुस्तक लिव्हलंय. तुझ्या आईचं नाव हाय त्यात. आन् तिचा आवाज बी हाय. टेपवर."

मी कागद पाहिला. नंबर आमचाच होता. भाषाशास्त्र, हर्डीकर. हर्डीकर सर तर आमच्याच विद्यापीठातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. विषय होता डोंगरमाथ्यावरच्या गवळी-धनगर वस्त्यांतल्या हाका. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर माणसं कशी हाक मारतात, नाव कुठं ताणतात, सूर कुठं चढवतात, याचा चारशे पानी अभ्यास. लोकांना काय काय सुचतं, असं मी पूर्वी तो चाळताना म्हटल्याचंही आठवलं.

नियम म्हणजे नियम, असं मानणारी मी. पण "आईचा आवाज" म्हटल्यावर पत्राचा हट्ट कसा धरायचा? मी मुकाट्यानं प्रबंध काढून टेबलावर ठेवला आणि मागचं परिशिष्ट उघडलं. निवेदकांची, म्हणजे ज्यांच्या हाका टिपल्या त्यांची, यादी होती. सतराव्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'बायजाबाई कोंडिबा झोरे. दरीपलीकडील मुलाला, सांजवेळी.' पुढं एक रेघ, चढत गेलेली, मध्येच थरथरून खाली आलेली. तो हाकेचा आलेख होता.

जानूनं नावावर बोट ठेवलं. अक्षर अक्षर लावून वाचलं. मग बोट रेघेवर नेलं.

"ही तिची हाक," मी म्हटलं. "म्हणजे सुराची चढउतार."

"कागदावरची नको बाई. आवाज पायजे."

"आई कधी गेली?"

"हे साहेब वस्तीवर येऊन गेले, त्याच साली. तापानं. मी असेन पाच-सहा वर्साचा."

"फोटो वगैरे?"

"कसला फोटो! पर तोंड आठवतंय. हात तर लई आठवत्यात. आवाज तेवढा गेला." त्याचं बोट अजून रेघेवरच होतं. "सपनात येती, बाई. पर मुकी येती. तोंड हालतंय, ऐकू काय न्हाय. बायको म्हणती, कायतरी राह्यलं असंल तिचं सांगायचं. म्या म्हणतो, तिचं न्हाय राह्यलं, माझंच गेलंय."

शौकत मागं वळून बघायला लागला. मग म्हणाला, "मॅडम, टेपा त्या पत्र्याच्या कपाटात असतील."

पूर्वी प्रबंधाच्या मागच्या पुठ्ठ्याला कापडी खिसा असायचा. त्यात नकाशे, स्लाइडी, कॅसेटी, पुढं पुढं फ्लॉप्या. माझ्या आधीच्या कुणा हुशार माणसानं बांधणी बिघडते म्हणून ते सगळं काढून एका कपाटात कोंबलं होतं आणि वर चिठ्ठी डकवली होती, 'सोबतचे साहित्य'. त्या कपाटाला हात लावायची माझीही छाती झाली नव्हती. उघडल्याबरोबर एक पिशवी फुटून जमिनीवर ज्वारी सांडली. कुणा कृषिवाल्याचं संशोधन. त्यामागून रंगवलेल्या सुताच्या लड्या आल्या, कसल्याशा दगडांचे तुकडे आले, दोन डब्यांत एकावर एक रचलेल्या कॅसेटी आल्या. आम्ही तिघं जमिनीवर बसून एकेक नंबर वाचत सुटलो. जानू प्रत्येक कॅसेट दोन्ही हातांत धरून उजेडाकडे न्यायचा आणि परत ठेवायचा, अंडी पारखल्यासारखा.

सापडली त्यालाच. बारीक, नेटकं अक्षर. 'बाजू अ. निवेदक एक ते वीस.'

"आता वाजवायची कशावर?" मी म्हटलं. साऱ्या विद्यापीठात टेपरेकॉर्डर उरला नव्हता.

"अब्बाचा आहे की घरी! कव्वालीच्या पायी अम्मीनं टाकू दिला नाही." आणि शौकत लुना काढून गेलासुद्धा.

तो येईपर्यंत मी जानूसाठी चहा मागवला. त्यानं बशीत ओतला आणि तसाच ठेवून दिला. त्याला बोलायचं होतं. "आमचं एक घर ह्या डोंगरावर, तर दुसरं पार पल्याड. मधी दरी. पोरं म्हसरं घिऊन लांब जायची. सांज झाली की ज्याची त्याची आई अंगणात येऊन हाक घालायची. एका टायमाला धा आया. पर चुकायचं न्हाय कुणी. आपली आपल्याला बराबर कळायची. आता खाली पुनर्वसनात घराला घर लागलंय. बायको मोबाइलवर मिसकॉल मारती जेवाय."

"आणि हे साहेब आले तेव्हाचं आठवतं?"

"आठवतंय की! गोठ्यात राह्यले व्हते. आम्हा पोरांना गोळ्या द्यायचे. आई हाक घालाय लागली तर म्हणले, असं न्हाय, पोरगं म्होरं बसलंय, खोटी हाक निघती. पोराला लांब धाडा. मग मला पल्याडच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, धाडलं. लई लांब. तिथनं आई टिकलीएवढी दिसत व्हती. आन् मग तिनं हाक मारली." त्यानं टेबलावरच्या कॅसेटकडे पाहिलं. "तीच ह्यात असंल."

शौकत घामाघूम होऊन परतला. टेपरेकॉर्डर जुनाट, झाकण रबरबँडनं धरलेलं. पण चालत होता. कॅसेट घालताना मीच ती दोनदा उलटी घातली. म्हटलं, कुमुद, तुला काय झालं?

खरखर झाली. मग एक तरुण, स्वच्छ, पुस्तकी आवाज, "निवेदक एक." आणि हाक. पुरुषाची. "निवेदक दोन." पुन्हा पुरुषाची. मला वाटलं, आधी पुरुष निवेदक घेतले असतील. शौकतनं फीत पुढं पळवली. चौदा, पंधरा, सोळा. "निवेदक सतरा. दरीपलीकडील मुलाला, सांजवेळी." जानू खुर्चीतून उठून उभा राहिला.

"जाऽन्याऽऽ... ए जान्याऽऽऽ..."

पुरुषाचाच आवाज. तोच, मघाशी नंबर सांगणारा.

जानूनं माझ्याकडे पाहिलं. "ही आई न्हाय, बाई."

"थांबा, दुसरी बाजू..." दुसरी बाजू लावली. तीही तशीच, एकवीसपासून चाळीसपर्यंत. प्रत्येक हाक हर्डीकर सरांच्या गळ्यातली. मी प्रबंध ओढला आणि संशोधनपद्धतीचं प्रकरण काढलं. तिथं चक्क छापलेलं होतं. 'मूळ ध्वनिमुद्रणात वारा व गुरे यांचा व्यत्यय असल्याने सर्व हाका संशोधकाने स्वतः तंतोतंत अनुकरण करून शांत खोलीत पुन्हा मुद्रित केल्या आहेत.'

तंतोतंत म्हणे! माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथं सरांच्या घरी फोन लावला. सर विद्यापीठाच्या मागेच, प्राध्यापकांच्या वसाहतीत राहत. त्यांच्या कॅसेटवरची सतरा नंबरची हाक कुणी ऐकतंय म्हटल्यावर त्यांना एवढा आनंद झाला, की पुढचं ऐकून न घेता ते निघालेच. पायात फिरायला जायचे बूट, हातात काठी, आणि आल्या आल्या, "सतरा नंबर ना? अहाहा! काय हाक होती ती! माझ्या सबंध संग्रहात तशी दुसरी नाही."

"सर, हे जानू झोरे," मी म्हटलं. "सतरा नंबरचे चिरंजीव. आईचा आवाज ऐकायला आलेत."

सरांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत बसले. जानूनं वाकून नमस्कार केला. ते पाहून मला दोघांचाही राग आला.

"मूळ टेपा कुठं आहेत, सर? घरी असतीलच तुमच्या," मी विचारलं.

"याच."

"याच म्हणजे?"

"अगं, कॅसेटी कुठं परवडत होत्या तेव्हा! माझे मार्गदर्शक म्हणाले, वारा, म्हशी, कुत्री, हे असलं परीक्षकांपुढं ठेवणार? मग मी खोलीत कोंडून घेऊन सराव केला. महिनेच्या महिने. एकेक हाक, यंत्रावर माझी रेघ तिच्या रेघेवर बसेपर्यंत. पूर्ण बसली, की मग मुद्रित करायची." सर टेबलाकडे बघत होते. "त्याच कॅसेटवर."

"त्यांच्या आवाजावरच?"

"त्यांच्या आवाजावरच."

शौकतच्या तोंडून "या अल्ला" निघून गेलं. मला सरांना काय काय बोलायचं होतं, पण जानूनं टेपरेकॉर्डरमधून कॅसेट हलकेच बाहेर काढली आणि तळव्यावर धरली.

"म्हंजी साहेब, वरनं तुम्ही, आन् तुमच्या खाली ती?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. एवढं एक वाक्य. पण आयुष्यभर ज्यानं खरं तेच लिहायचं शिकवलं, त्याला ते जमलं नाही. "नाही हो," ते म्हणाले. "खाली काही उरत नाही."

"बरं," जानू म्हणाला. त्यानं कॅसेट माझ्या हातात दिली, टोपी नीट केली. "लई तरास दिला तुम्हाला. येतो मी. चारच्या गाडीनं गेलो तर धारंला पोचंन."

त्यानं आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. हा माणूस बशीतला गार चहा एका घोटात पिऊन, बशी पालथी घालून दाराकडे निघाला. मला रडूच यायला लागलं. कुणाची आई, कुणाचा मुलगा, आणि मी पदरानं नाक पुसत बसले.

"थांबा," सर म्हणाले. काठीवर जोर देऊन ते उठले. "झोरे, थांबा जरा. त्या वाड्यावस्त्यांवरची जुनी माणसं आता किती राहिली असतील? ती हाक प्रत्यक्ष ऐकलेले कदाचित तुम्ही आणि मीच उरलोय. टेपवरची मेली आहे, कारण ती मी खोलीत मारली. हाक खोलीत मारायची नसतेच. एवढी साधी गोष्ट चारशे पानं लिहून मला कळली नव्हती." ते अडखळले. "मी मारू का? बाहेर, लांबून? तुमची आई होईन असं म्हणत नाही. पण रेघ तिची आहे. त्यात माझं काही नाही."

म्हटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. जानू मात्र दारातून मागं फिरला.

"सांजंला मारा," तो म्हणाला. "चारची गाडी जाऊ द्या."

विद्यापीठाच्या मागं दगडाची जुनी खाण होती. तिच्यात पाणी साठून तळं झालेलं. या काठाला सरांची वसाहत, पलीकडे बोडकी टेकडी. दिवस कलल्यावर आम्ही गेलो. जानू बांधावरून चालत पलीकडे गेला, टेकडीच्या अंगाला पार लांब, बारीक दिसेपर्यंत. आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला. तोंडाशी हात नेला, मग खाली घेतला. "नाही, बायजाबाई हात कमरेवर ठेवायच्या," असं स्वतःशीच म्हणाले. फिरायला आलेली कॉलेजची दोन पोरं या म्हाताऱ्याला कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला बघून फिदीफिदी हसली. सरांचं लक्षच नव्हतं.

"जाऽन्याऽऽ..."

सूर अगदी खालून उठला आणि चढत गेला.

"ए जान्याऽऽऽ रेऽऽऽ..."

शेवटाला तो थरथरला आणि पाण्यावरून पलीकडे गेला. टेपवर ऐकलेलं ते हेच, असं कुणी सांगून मला पटलं नसतं. पहिल्या नावात नुसतं बोलावणं होतं. दुसऱ्यात काळजी होती. आणि त्या शेवटच्या 'रे'मध्ये, भाकरी निवतेय, अंधार पडतोय, कुठं उलथलायस मेल्या, असं सगळं होतं. एवढ्या मोकळ्यावर तो आवाज बाप्याचा की बाईचा हे कळायचं बंद झालं होतं. हसणारी पोरं गप्प झाली.

पलीकडून काही उत्तर आलं नाही.

सरांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही. तिसरी मारली. चौथीला त्यांचा श्वास अपुरा पडायला लागला.

"ओ का देत नाही हा?" ते धापा टाकत म्हणाले. "तिथं ओ आल्याशिवाय थांबत नसत. मी वस्तीवर पाहिलंय. कितीही वेळ लागो, पोरानं ओ दिली की मगच बाई अंगणातनं हलायची."

"ऐकू जात नसेल."

"न जायला काय झालं? तेव्हाची दरी याच्या तिप्पट होती." आणि पुन्हा "जाऽन्याऽऽ..."

अंधारायला लागलं. सरांचा घसा बसत चालला होता. मधेच आवाज फाटायचा, ते थांबून थुंकी गिळायचे आणि पुन्हा खालच्या सुरापासून सुरू करायचे, रेघ न मोडता. त्यांचे डोळे वाहत होते. "मी तिला पुसली गं, कुमुद," असं म्हणाले आणि लगेच पुढची हाक मारली. मी त्यांचा हात धरला, पुरे म्हटलं. त्यांनी झिडकारला.

"जा, बघून ये. त्याला काही झालं तर नाही ना?"

मी चपला हातात घेऊन बांधावरून जवळजवळ पळतच गेले. माझ्या मागून हाका येत होत्या, आणि जसजशी मी लांब जात होते तसतशा त्या जास्तच बाईच्या वाटत होत्या. टेकडीशी पोचले तर जानू उकिडवा बसलेला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, डोळे मिटलेले. सगळा चेहरा ओला. आणि चेहऱ्यावर असं काही सुख, की बोलायचा धीरच होईना. पण पलीकडे म्हाताऱ्याचा जीव चालला होता.

"अहो जानूभाऊ," मी हळूच म्हटलं, "ऐकू येतंय ना तुम्हाला?"

त्यानं मान हलवली.

"मग ओ द्या की! सरांचा घसा पार गेला. तुम्ही ओ दिल्याशिवाय ते थांबायचे नाहीत."

त्यानं डोळे उघडले नाहीत. एवढुसा आवाज काढून, जणू पलीकडे ऐकू जाईल या भीतीनं, तो म्हणाला,

"ओ दिली का आई घरात जाती, बाई."

मी त्याच्याशेजारी मातीत बसले. सर पुन्हा हाक मारत होते.